मोटारीची प्रतिकृती आणि प्रमाणाचा पाठ

नकाशावरील प्रमाण विद्यार्थी पाठ करतात. परंतु त्याचा अर्थ त्यांच्या मनात उतरतोच असे नाही. हा अर्थ हातांस शिकविणारा एक छंद म्हणजे मोटारींच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडणे होय. १९५८ साली अमेरिकेतील ए. एम. टी. कंपनीने १:२५ प्रमाणाचे असे संच विक्रीस आणले. त्यांतील सुटे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. जोडणीचा द्राव दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो व सुकताच ते एकजीव होतात.

१:२५ या प्रमाणात ४५० सेंटिमीटर लांबीची मोटार १८ सेंटिमीटरांची होते. लांबी, रुंदी, उंची, चाके या सर्वांस भाजक एकच. केवळ चाके मोठी ठेविली, तर ते खेळणे होईल, प्रतिकृती नव्हे. घनफळ मात्र पंचविसावा हिस्सा नव्हे, तर १५,६२५ वा हिस्सा उरते; हे वरच्या वर्गांस अवश्य दाखवावे.

संच मिळाला नाही, तरी पाठ अडत नाही. विद्यार्थ्यांकडून वर्गखोली मापून घ्यावी व त्याच प्रमाणात पुठ्ठ्याची उभी करवावी. ६ मीटरांची भिंत २४ सेंटिमीटरांची होईल. दारे-खिडक्यांसही तोच भाजक लावावा. स्वतः मापलेली खोली ज्याने तळहातावर घेतली, तो विद्यार्थी जिल्ह्याचा नकाशा समजून वाचील.