महालक्ष्म्यांच्या जेवणाला पोपटलाल नको गं बाई!

मालिकांतली माणसं आपल्या घरात आता इतकी मुरली आहेत की शेजारच्या वहिनींपेक्षा त्यांचीच खबरबात आपल्याला जास्त असते. कुणाचं लग्न जमत नाही म्हणून आपण हळहळतो, कुणाची सासू ओरडली की भाजी निवडता निवडता तिला चार शब्द सुनावतो. पण मैत्रिणींनो, यांतल्या एखाद्याला खरोखरच जेवायला बोलवायची वेळ आली तर? तेही साध्या रविवारी नव्हे, महालक्ष्म्यांना!

पुण्या-मुंबईच्या भगिनींसाठी सांगते, महालक्ष्म्या म्हणजे तुमच्या गौरी. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. पण आमच्या वऱ्हाडात त्या जेवणाचा थाट काही औरच. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि पुरणपोळी. पोळीही अशी की तिच्यात पुरण ठासून भरलेलं आणि वर वाटीभर तूप. एक किलो डाळीचं पुरण आमच्याकडे जेमतेम तीस पोळ्यांना पुरतं, तेव्हा पन्नास-साठ पानांचा हिशेब तुम्हीच करा. अमरावतीत आमचं घर, अकोल्याला माझं माहेर, मूर्तिजापूरकडे सासरची शेती, म्हणजे तिन्हीकडचे पाहुणे. त्यात २०२२च्या जूनमध्ये लोणी ते मूर्तिजापूरदरम्यान एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा रस्ता साडेपाच-एकशे तासांत बांधून गिनीज बुकात नाव गेलं. तेव्हापासून अकोल्याची मंडळी तासभर आधीच दारात हजर!

अशा गर्दीत ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधल्या माया साराभाई आल्या असं समजा. २००४ची ती मालिका आणि रत्ना पाठक शाहांचं ते काम आजही किती गोड वाटतं. पण त्या कधी भांडत नाहीत, सुधारतात. स्टीलच्या ताटाकडे पाहून हळूच ‘मिडल क्लास’ म्हणतील आणि तो शब्द वर्षभर आपल्या डोक्यात घोळत राहील. शिवाय सोबत कवी चिरंजीव रोसेश. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणायची पद्धत, म्हणजे त्याला थांबवायची सोय नाही!

चिमणराव त्या मानाने निरुपद्रवी. चि. वि. जोशींचे चिमणराव १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्याकडे तेव्हा घरोघर टीव्ही नव्हते, सासूबाईंना ते पुस्तकातूनच भेटले. पण त्यांना बोलवायचं म्हणजे काऊ, मोरू, मैना, राघू आणि गुंड्याभाऊ धरून बोलवायचं, आणि चिमणराव जिथे तिथे घोटाळा ठरलेला. परदेशातही हीच तऱ्हा. १९९२च्या नाताळच्या भागात त्या मिस्टर बीनचं डोकं भल्यामोठ्या टर्की पक्ष्यात अडकलं होतं. आपल्याकडे आंबिलीचं पातेलं सांभाळावं लागेल, एवढाच फरक.

प्रभावळकरांचेच दुसरे, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा. २००१पासून मी त्यांच्या प्रेमात आहे. पण आबा रात्री रोजनिशी लिहितात हे विसरू नका. आपण स्वयंपाकघरात जावेला काय बोललो, तूप कुणाच्या वाटीत जास्त पडलं, सगळं शाईत उतरायचं. नको बाई.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधले डॉक्टर हाथी तर साऱ्या मुलांचे लाडके. ती भूमिका करणारे कवी कुमार आझाद २०१८ साली गेले तेव्हा माझ्या शिकवणीच्या वर्गातली पोरं खरंच रडवेली झाली होती. त्यांच्या खाण्याला पडद्यावर आपण हसतो. पण माझ्या डोळ्यांपुढे आमची शेवटची पंगत येते. पहाटे चारपासून सोवळ्यात उभ्या असलेल्या बायका दुपारी साडेतीन-चारला बसतात, तेव्हा सोळातल्या पाच भाज्या संपलेल्या असतात आणि पुरणपोळ्या अर्ध्या-अर्ध्या वाटून घ्याव्या लागतात. डॉक्टरसाहेब पहिल्या पंगतीला बसून प्रेमाने ‘सही बात है’ म्हणत दहा पोळ्या रिचवतील. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? (मी दोन वर्षांपासून शेवटच्या पंगतीच्या पोळ्या वेगळ्या डब्यात काढून कपाटात ठेवते. नैवेद्य दाखवून झाला की लगेच. सासूबाईंना ठाऊक आहे, त्या काही म्हणत नाहीत.)

आता ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका. २०१६मध्ये ती आली तेव्हा आम्हा विदर्भातल्या बायकांना कोण आनंद! नागपूरची, आपल्यासारखं बोलणारी, मसाल्याचा धंदा उभा करणारी. पण मला विचाराल तर पाहुणी म्हणून शनाया परवडली. ती कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसेल, दोन घास खाईल आणि जाईल. राधिका मात्र पदर खोचून आत येईल, शंभर वडे तळेल, आणि पुढची महालक्ष्मी येईपर्यंत मला ऐकावं लागेल, “पाह्यलं ना वं, कशी झपाझप करे ते!”

आणि पोपटलाल. भोपाळचा हा छत्रीवाला पत्रकार २००८पासून बोहल्यावर चढायचा राहिलाय. मुलगी पसंत पडते आणि दरवेळी काहीतरी मोडतं. श्याम पाठक काम झकासच करतात. पण हा पाहुणा मला नको, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आमचे एक चुलत दीर आहेत. वय छत्तीस, पदवीधर, निर्व्यसनी, दहा एकर शेती; कपाशी, तूर, सोयाबीन. दहा वर्षं स्थळं पाहणं चालू आहे. मुलीकडचे विचारतात, शेती आहे ना? आहे म्हटलं की चेहरा खुलतो. मुलगा कुठे असतो? शेतावरच म्हटलं की पोह्यांची बशी खाली ठेवतात. मुलाला पुण्यात नोकरी हवी आणि गावी जमीनही हवी! पण मी त्या आईबापांना नावं ठेवणार नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने हातची कपाशी गेली, ते दिवस आम्हीही पाहिले आहेत. ज्या बाईने उभा जन्म निंदण-वेचणीत काढला, तिला लेकीसाठी नळाचं पाणी आणि महिन्याचा पगार हवासा वाटला तर नवल काय? मला स्वतःला बारा वर्षांची मुलगी आहे. उद्या तू देशील का शेतकऱ्याच्या घरी, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारू नये असंच वाटतं.

गेल्या वर्षी जेवणं आटोपल्यावर रात्री सगळे बैठकीत सुपारी खात बसले होते. टीव्हीवर पोपटलालचं लग्न पुन्हा मोडलं, मुलं खिदळायला लागली. तेवढ्यात एक मामेसासरे म्हणाले, “अरे, आपलाबी पोपटलाल इथंच बसला हाय ना बाप्पा!” सगळे हसले. भाऊजीही हसले. मग उठून म्हणाले, “वहिनी, निघतो. गाईले चारा टाकाचा हाय.” रात्रीचे पावणेनऊ आणि पुढे दीड तासाची फटफटी. चुलत सासूबाई तुपाच्या वाट्या पुसत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. हे आत येऊन मला म्हणाले, “मामा गमतीनं बोलले.” मी म्हटलं, “हो. पण हसलं कोण कोण, ते मी पाह्यलंय.” त्यावर हे गप्प.

पडद्यावर त्या बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी मुलगी दिसते, म्हणून हसू येतं. आणि सोसायटीतले सगळे मदतीला धावतात, हेही खरं.

भाऊजी या वर्षीही येणार आहेत. पूजेच्या आदल्या संध्याकाळीच, कारण सोळांपैकी निम्म्याहून जास्त भाज्या त्यांच्याच वावरातून येतात: दोडकं, गवार, चवळी, भेंडी, कोहळं, वाल. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, त्या रात्री टीव्हीवर चादर. मामेसासऱ्यांना न बोलावणं शक्य नाही, मानाचे आहेत. एक विचार मनात येतो, त्यांच्या शेजारी ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीला बसवावं. २०२०पासून त्या आजीच्या म्हणी आमच्या गल्लीत तोंडपाठ आहेत, पण इथे छापण्यासारख्या थोड्याच! ती काही यायची नाही. तेव्हा मी त्यांचं पान भिंतीकडच्या टोकाला मांडणार आहे, भाऊजींचं यांच्या शेजारी, आणि मामांनी तोंड उघडलं की पुरणपोळी वाढायला मी तिथेच उभी.