बागेचे फाटक आणि आखाजीचा झोका

पंचांगाने चैत्र-वैशाख हे दोन महिने वसंताला दिलेले असले, तरी खानदेशात ऋतुराजाचा मुक्काम फार थोडा. फाल्गुन सरता सरता जळगाव-भुसावळकडील ऊन चढू लागते आणि वैशाखात पारा ४५ अंशांपाशी जाऊन ठेपतो. गुलाब, शेवंती यांचा बहर तोवर केव्हाच ओसरलेला असतो. उरतो तो कडुनिंबाचा फुलोरा, कैऱ्यांनी लवलेला आंबा, कुंपणावरची बोगनवेल आणि सायंकाळी उमलणारा मोगरा. निसर्गकवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते बालकवी ठोमरे १८९० साली याच भूमीत, धरणगावी जन्मले, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. खानदेशच्या माणसाला ते वाटत नाही. जेथे हिरवळ दुर्मीळ, तेथेच तिच्याकडे डोळे लावून पाहण्याची सवय जडते.

ही हिरवळ शहरवासीयाने पाहावी कोठे, हा मात्र प्रश्नच आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत नळाला पाणी किती दिवसांनी येईल, यावर गच्चीवरील कुंड्यांचे आयुष्य ठरते. रस्त्यांच्या रुंदीकरणात कडेचे जुने कडुनिंब गेले. खरी सावली, खरा बहर आता बंगल्यांच्या आवारात आणि गावाबाहेरच्या मळ्यांत आहे. म्हणजे फाटकाच्या आत आहे.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न १९२७ साली एका निराळ्या निमित्ताने सुटला. घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. तेव्हा एल्सी वॅग या बाईंनी सुचविले की, बागमालकांनी आपली फाटके उघडावीत आणि येणाऱ्याकडून माणशी एक शिलिंग घ्यावा. त्या पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक निधी जमला. राजाच्या सँड्रिंगहॅमच्या बागेपासून साध्या घरामागच्या वाफ्यांपर्यंत सर्व एका यादीत आले. ही प्रथा आजही चालू आहे. मालकी सोडावी लागली नाही. वर्षातले एक-दोन दिवस फाटक मात्र उघडे राहिले.

आपल्याकडे हे परकीय थेर वाटण्याचे कारण नाही. आखाजीचा सण आठवावा. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात आणि कडुनिंबाच्या वा आंब्याच्या फांदीला झोके बांधले जातात. बहिणाबाई चौधरींना या सणावर कविता करावीशी वाटली ती उगाच नव्हे. झोक्याला जाड फांदी लागते आणि ती ज्याच्या अंगणात वा मळ्यात असेल त्याच्याकडे मुली जमतात. झाड कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढीत नाही. हिवाळ्यात मळ्यात रंगणाऱ्या भरीत पार्ट्यांनाही हाच न्याय लागू पडतो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात असताना पाहुण्याला मळा हिंडून दाखविणे हा यजमानाच्या हौसेचाच भाग असतो.

खाजगी जागेने लोकांना आत घेतल्याची मोठी उदाहरणेही येथे आहेत. भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी जळगावनजीकच्या उजाड टेकड्यांवर पाणी अडवून झाडी वाढविली. त्याच जैन हिल्सवर २०१२ साली 'गांधी तीर्थ' सर्वांसाठी खुले झाले. संग्रहालय पाहायला आलेला माणूस वाटेतली झाडेही पाहून जातो. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात ना. धों. महानोरांचा मळा कित्येक वर्षे साहित्यिकांचे आणि शेतकऱ्यांचे येण्याजाण्याचे ठिकाण होता. तेथे कविता आणि सीताफळ या दोहोंविषयी सारख्याच आस्थेने बोलणे होई. महानोर २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले.

मालकांच्या शंका पोकळ नाहीत. कैऱ्या तोडल्या जातील, फुले खुडली जातील, हे भय खरे आहे. देवपूजेच्या नावाखाली दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद तोडण्यास आपल्या समाजात चोरी म्हणत नाहीत! रावेर-यावलच्या केळीबागांची गोष्ट तर याहून गंभीर. केळीच्या मर रोगाची बुरशी पायताणाला चिकटलेल्या मातीतून एका बागेतून दुसरीत जाते. एकदा जमिनीत शिरली की ती वर्षानुवर्षे हटत नाही. तेव्हा केळीच्या बागा बंदच राहिलेल्या बऱ्या. आमराया, फुलबागा, घराभोवतीची झाडे यांपुरतीच ही मागणी मर्यादित असावी, आणि तीही सकाळच्या दोन-तीन तासांपुरती.

पाण्याचा मुद्दा मात्र उलट बाजूने मांडता येतो. ज्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धती चालत आली, तेथे पाण्यावर एकट्याचा हक्क ही कल्पनाच परकी होती. पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी देई आणि शेतकरी ते मान्य करीत. आज विंधनविहिरीच्या बळावर फुललेली बाग मालकाची खरी, परंतु तिच्याखालचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतही जायचे असते. बारा महिने ते उपसणाऱ्याने एक सकाळ शेजाऱ्याला सावलीत बसू दिले, तर फार झाले असे म्हणवत नाही.

प्रारंभ शाळांनी करावा. परीक्षा आटोपल्यावर एखाद्या वर्गाने मालकाची परवानगी घेऊन बाग पाहावी, झाडांची नावे लिहून घ्यावीत. तीस मुले आणि दोन शिक्षक एवढ्यांचे भय कोणालाही वाटणार नाही. पुढे प्रौढांसाठी दहा-वीस रुपये प्रवेशमूल्य ठेवता येईल. ते पैसे कोणाचे, याचे उत्तर आखाजीतच आहे. खानदेशात सालदाराचे वर्ष याच दिवशी संपते आणि नवा करारही याच दिवशी ठरतो. वर्षभर ज्याने आळ्यांना पाणी दिले, त्या माणसाच्या हातात ही रक्कम हिशेब मिटविताना वेगळी ठेवावी, ठरलेल्या सालातून वजा न करता.