बोअरच्या पाण्यात तुमची पावडर का हरते?

कपड्याच्या पावडरचा धंदा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, फॉर्म्युला द्या." फॉर्म्युला काय, कुठेही मिळतो. पण मुंबईच्या तलावाच्या पाण्यावर बसवलेला फॉर्म्युला सेनगाव-कळमनुरीच्या बोअरवर तसाच चालत नाही. का, ते समजलं तर तुमची स्लरी वाचेल, म्हणजे पैसा वाचेल.

ॲसिड स्लरी सोड्यात मुरली की जो माल तयार होतो, त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि एक शेपटी असते. शेपटी साधारण 10 ते 13 कार्बनची. तिला तेल आवडतं, पाणी नको असतं. डोक्यावर ऋण भार असतो, ते पाण्यात रमतं. कॉलरचा मळ म्हणजे घामातलं तेल आणि त्यात बसलेली धूळ. शेपट्या त्या तेलात घुसतात, डोकी बाहेर पाण्यात राहतात. तुम्ही कपडा चोळला की तेल सुटतं आणि त्याचा बारीक गोळा होतो, आत तेल आणि चारी बाजूंनी डोकी. यालाच मायसेल म्हणतात. सगळ्या डोक्यांवर सारखाच भार, म्हणून गोळे एकमेकांना ढकलतात, पुन्हा कपड्यावर बसत नाहीत आणि खळबळताना निघून जातात.

फेस हा वेगळा विषय. तो याच रेणूंनी धरलेली हवा असतो. गिऱ्हाईक फेस बघून पुडा घेतं हे खरं, पण फेसाने मळ निघत नाही.

आता आपलं पाणी. आपल्याकडे काळा बेसाल्ट खडक. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यांच्यावर दोन धन भार, म्हणून एक कण स्लरीची दोन डोकी धरून बसतो. मळापर्यंत पोचायच्या आधीच माल संपतो! साबणाचं तर थेट चिकट पांढरं दही होतं.

हिशोब करा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो. 600 चं पाणी धरलं तर 10 लिटरच्या बादलीतलं कॅल्शियम बसवायला साधारण साडेसहा ग्रॅम सोडा ॲश लागतो. तुम्ही बादलीला 20 ग्रॅम पावडर सांगता. त्यात सोडा 15 टक्केच असेल तर तो झाला 3 ग्रॅम. उरलेलं कॅल्शियम कोणाला धरणार? तुमच्या महागड्या स्लरीला.

म्हणून आपल्या भागात आधी सोडा तपासा, स्लरी नंतर वाढवा. मात्र सोडा बेसुमार टाकला तर हात सोलतात, रंग उडतो आणि कपड्यावर चुन्यासारखी पांढरी भुकटी बसते. झिओलाइट कॅल्शियम धरून ठेवतं, पण त्याने खर्च वाढतो.

माल बनवल्यावर घरच्या फिल्टरच्या पाण्यात चाचणी घेऊ नका. ज्या गावात विकायचं, तिथल्या बोअरचं पाणी बाटलीत आणा. त्याच पाण्यात एकाच मळक्या कापडाचे दोन तुकडे धुवा, एक तुमच्या पावडरने, एक बाजारातल्या.

आणि हो, वसमत-हिंगोलीत विकणार असाल तर हळद विसरू नका. सोडा लागला की हळदीचा डाग लाल होतो. बाई घाबरते, तिला वाटतं पावडरने साडी खराब केली. धुवून उन्हात वाळवला की तो डाग फिका पडत जातो. पुडा देतानाच हे सांगून टाका.