स्टेटसवर बाबासाहेब, पण अभ्यासाचे काय?

कर्जत-खालापूर भागातून आमची मुलेमुली रोज कॉलेजला निघतात. कोणी नेरळ, भिवपुरीहून लोकल पकडते, तर कोणी केळवली, डोळवलीच्या फलाटावर खोपोली गाडीची वाट पाहत उभे असते. या मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे ताटकळणे आलेच. पूर्वी या वेळात निदान नोट्स तरी चाळल्या जात. आता माना मोबाईलमध्ये खुपसलेल्या असतात आणि एक रील संपली की दुसरी सुरू होते.

आम्ही मोबाईलचे शत्रू नाही. 2016 साली रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर विद्यापीठा-विद्यापीठांतला आक्रोश याच मोबाईलने देशभर पोहोचवला. कोरोनाकाळात वर्ग त्याच्यावरच भरले. शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीवर ऑनलाईनच भरावा लागतो. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्याला मोबाईल हेच ग्रंथालय होऊ शकते. प्रश्न एवढाच, की त्यात ग्रंथालय किती तास उघडे असते आणि तमाशा किती तास?

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत 219 विद्यार्थी होते. फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण कमी आणि अभ्यासाचे तासही कमी, असे त्यात आढळले. फेसबुकमुळेच गुण घसरले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण दिवसाचे तास चोवीसच, हे सांगायला पाहणी कशाला हवी? आपण जितका वेळ स्क्रीनवर घालवू, तितकी या कंपन्यांची जाहिरातीची कमाई वाढते. त्यांचा नफा होतो आणि आमच्या पोरांच्या पदरी एटीकेटी पडते.

श्रीमंताचा मुलगा नापास झाला तर बाप पुन्हा फी भरतो, क्लास लावतो. आमच्या मुलाचे वर्ष गेले की शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडते, घरचे म्हणतात 'आता कंपनीत लाग', आणि घराण्यातला पहिला पदवीधर कंत्राटी कामगार होतो. पोरीचे तर लग्नच ठरवून टाकतात.

बाबासाहेबांनी वेळेची किंमत जाणली होती. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. त्या बाबासाहेबांचा फोटो स्टेटसला ठेवायचा आणि त्यांचा एकही ग्रंथ उघडायचा नाही, हे कसले अनुयायित्व?

मात्र नुसत्या उपदेशाने पोरे सुधारणार नाहीत. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना त्यांनी अभ्यास करायचा कुठे? जयंतीच्या डीजेवर हजारो रुपये उडवणाऱ्या मंडळांनी याचे उत्तर द्यावे. गावोगावच्या बुद्धविहारांत रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवा. दिवे, टेबले, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणा. मोबाईल दाराशी ठेवण्याचा नियम मुलांनीच करावा आणि तो कार्यकर्त्यांनीही पाळावा. शिकलेल्या दादा-ताईंनी आठवड्यातून एक दिवस इंग्रजी, गणित, अकाउंट्स शिकवावे.

'शिका' हा पहिला आदेश आहे. तो फॉरवर्ड करून भागणार नाही, त्यासाठी बसावे लागेल.