तंजावरचा धडा

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजीराजे आठवतात. ओरथनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात त्यांनी विद्यार्थ्यांच्या भोजनाची आणि शिक्षणाची सोय केली होती. त्याच तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम येथे, १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागली. एका इमारतीत तीन शाळा आणि जिना अरुंद. यांतले काहीही लपण्याजोगे नव्हते. तरी शाळा चालू होती.

शासन त्यानंतर जागे झाले. शाळांवरची गवती छपरे उतरवण्याचे आदेश निघाले. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. शालेय बसगाड्यांसाठी तामिळनाडूने स्वतंत्र नियम केले ते २०१२ मध्ये, चेन्नईत बसच्या तळातील भोकातून पडून एक मुलगी दगावल्यावर.

प्रत्येक सुधारणेमागे असा बळी असावा, हे प्रशासनाला भूषणावह नाही. इमारतीचे, बसगाडीचे, मैदानाचे उद्घाटन होते. तपासणीला मात्र समारंभ नसतो, म्हणून ती कागदावर उरकते. निधीइतकीच गरज आहे ती प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी तो जिना स्वतः चढून पाहणाऱ्या अधिकाऱ्याची.