अमेरिकी सरकारची टाळेबंदी

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या द्विसभागृही संसदेने, कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, असे तेथील राज्यघटना सांगते. त्यामुळे 1 ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होईपर्यंत खर्चाची विधेयके संमत झाली नाहीत, तर अत्यावश्यक सेवा वगळता केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज थांबते, आणि यालाच ‘शटडाउन’ म्हणतात. ही प्रथा घटनाकारांनी घालून दिलेली नव्हे. 1980 साली ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावल्यानंतर ती रूढ झाली. 2025 मधील शटडाउन 43 दिवस लांबले, कारण सिनेटमध्ये अशा विधेयकावरील चर्चा संपवण्यास 100 पैकी 60 मते लागतात आणि आरोग्यविम्याच्या अनुदानावरून दोन्ही पक्ष अडून बसले होते. या काळात हवाई वाहतूक नियंत्रक पगाराविना राबले, खासदारांचे वेतन मात्र (अर्थातच) सुरू राहिले. भारतात लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळल्यास सरकारला पायउतार व्हावे लागते, तर अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस या दोहोंची मुदत ठरलेली असल्याने अडवणुकीची किंमत कर्मचारी मोजतात. नवी मंजुरी मिळेपर्यंत जुन्याच दराने खर्च आपोआप चालू ठेवणारा कायदा हा यावरील सरळ उपाय आहे. तो होत नाही, कारण हे हत्यार दोन्ही पक्षांना हवे आहे.