न झालेल्या आजाराचा खर्च

गावाच्या पैशातून आरोग्य राखावं याला नाही म्हणणारा माणूस आपल्याला बारामतीत भेटणार नाही, इंदापुरातही नाही. मग अडतं कुठे? आज आपण तेवढंच पाहू.

दवाखान्यातली खाट मोजता येते. गटार बांधलं की फोटो निघतो, पाटी लागते. पण रक्तदाब वेळेवर तपासला म्हणून जो पक्षाघात टळला, तो दाखवायचा कुठे? त्याला रुग्ण नाही, बिल नाही. उत्तरकालीन वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. प्राभाकर मीमांसकांनी त्याला वेगळं अस्तित्व नाकारलं. आपली अंदाजपत्रकं पक्की प्राभाकरांच्या बाजूची आहेत!

अधिकार नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आहे, आणि नगरपरिषदांसाठी ७४ व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीतही आहे. पैसाही होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. त्यातला भर मात्र उपकेंद्रांच्या इमारती, तपासणीच्या सोयी यांवर. त्या काळात ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या अनुदानातले ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होते. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नव्हता.

या शेवटच्या अटीपाशी आपण जरा थांबू. आजार टाळण्याचं काम म्हणजे मुख्यतः कुणीतरी दारी जाणं, बसणं, विचारणं, पुन्हा जाणं. ते माणसाचं काम आहे, आणि नेमकं माणसालाच पैसे देता येत नव्हते! आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा भिस्त ठेवली ती गावातल्याच बायकांवर. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्याच गरोदर बाईकडे जात, बाळाचं वजन बघत. आज आशाताई आहेत, पण त्यांचा मोबदला बराचसा कामागणिक मोजला जातो. नुसतं बसून ऐकण्याचा दर कुठल्या तक्त्यात लिहायचा?

नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात हे फार बोचतं. तोडणीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात. तिथली बाई गावाच्या यादीत नसते, आणि पहाटेपासून फडात असल्याने दवाखान्याच्या वेळेत तिला जाता येत नाही. तिच्याकडेच कुणीतरी संध्याकाळी जायला हवं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधीची तरतूद झाली. त्यात रक्तदाबाचं यंत्र येईल, वजनकाटा येईल. ते घेऊन कोपीवर जाणारीचं काय?

आम्हाला वाट दिसते ती स्वनिधीची, म्हणजे घरपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्यातून येणाऱ्या पैशाची. त्याला वित्त आयोगाची ती अट लागत नाही, आणि त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचेच असतात. ते शिलाई यंत्रांवर संपवायचे की संध्याकाळच्या फेरीवर, हे गाव ठरवू शकतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. टोळ्या बहुधा त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे पोचतात. म्हणजे हा विषय त्या सभेत मांडायचा, तर तो आपल्यापैकीच कुणालातरी मांडावा लागेल.